जुन्या सेक्स्टंटची पारख



आपल्या शाळेच्या इतिहासदालनात काचेच्या कपाटात ठेवलेला पितळेचा चकचकीत सेक्स्टंट तुम्हांपैकी बहुतेकांनी पाहिला असेल. त्याच्याखाली पूर्वी ‘जुन्या काळचे नौकानयनाचे यंत्र’ अशी चिठ्ठी होती. गेल्या वर्षापासून तिच्या जागी ‘नक्कल’ एवढाच शब्द आहे. ही चिठ्ठी मी बदलली, कारण ती वस्तू फसून विकत घेणारा मीच होतो. विद्यार्थ्यांनी कलाप्रदर्शनातून जमवलेले पैसे घेऊन मी मुंबईच्या जुन्या वस्तूंच्या बाजारात गेलो, आणि ‘केल्विन अँड ह्यूजेस, लंडन, १९१७’ ही कोरीव अक्षरे पाहून भाळलो. पुढे बक्षीससमारंभास आलेल्या एका निवृत्त कप्तानांनी ते यंत्र हाती घेतले, क्षणभर न्याहाळले आणि हसून म्हटले, “मास्तर, ह्या दोन घराण्यांचे लग्न १९४७ साली लागले. मग १९१७ साली त्यांचे नाव एकत्र कसे कोरले गेले?” 

मी कलाशाखेचा पदवीधर. परंतु ही चूक इतिहासाच्याच शिक्षकाची होती, ह्याचे शल्य अधिक वाटले. त्यानंतर जे शिकलो, ते तुमच्यापुढे ठेवावे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. त्यास आणखी एक निमित्त घडले. नववीतील एका विद्यार्थिनीने आपल्या आजोबांची लाकडी पेटी शाळेत आणली. आजोबा आगबोटीवर तारवटी होते. बोट मोडीत निघाली तेव्हा एका अधिकाऱ्याने त्यांना आपला सेक्स्टंट भेट दिला होता. आता घर दुरुस्तीस आले आहे, आणि एक व्यापारी पितळेच्या वजनाच्या भावाने तो मागत आहे. “सर, तो खरा आहे का? आणि खरा असला तर अजून चालतो का?” असा तिचा प्रश्न होता. हे प्रश्न दोन आहेत, आणि दोन्हींची उत्तरे यंत्राकडूनच काढून घ्यावी लागतात.

प्रथम हे यंत्र करते काय, ते पाहू. दोन वस्तूंमधील कोन मोजणे, एवढेच त्याचे काम. खलाशी सूर्य किंवा तारा आणि क्षितिज ह्यांच्यामधील कोन, म्हणजे त्या ज्योतीचे उन्नतांश, मोजतो आणि घड्याळ व नाविक पंचांग ह्यांच्या साहाय्याने आपले स्थान काढतो. वास्को द गामा १४९८ साली कालिकतला पोहोचला, तेव्हा सेक्स्टंट नव्हता. पोर्तुगीजांपाशी ॲस्ट्रोलेब होते, तर अरब नाखवे दोरी बांधलेल्या लाकडी पाटीने, ज्यास ‘कमाल’ म्हणत, ताऱ्यांची उंची पाहत. इंग्लंडमध्ये जॉन हॅडली ह्याने १७३१ साली दोन आरशांचे यंत्र रॉयल सोसायटीपुढे मांडले. त्याचा चाप वर्तुळाचा आठवा भाग होता. पुढे १७५० नंतरच्या दशकात जॉन कॅम्पबेल ह्या नौदल अधिकाऱ्याच्या सूचनेवरून चाप वर्तुळाच्या सहाव्या भागाएवढा करण्यात आला. सहावा भाग म्हणून सेक्स्टंट, किंवा आपल्या भाषेत षष्ठक.

ह्याच्या त्रिकोणी सांगाड्याच्या शिरोभागी एक भुजा खिळलेली असते. भुजेच्या वरच्या टोकास एक आरसा असतो. भुजा सरकवली की तो फिरतो. समोर सांगाड्यावर दुसरा आरसा स्थिर असतो. त्याच्या अर्ध्या भागास पारा असतो आणि अर्धा भाग स्वच्छ काच असतो. दुर्बिणीतून पाहिले असता स्वच्छ भागातून क्षितिज सरळ दिसते, तर पाऱ्याच्या भागात दोन आरशांवरून परावर्तित झालेला सूर्य दिसतो. भुजा सरकवून सूर्य क्षितिजावर टेकवला की चापावरील आकडा हाच कोन. आरसा एक अंश फिरला तर किरण दोन अंश फिरतो, हे तुम्ही पदार्थविज्ञानात शिकलाच आहात. म्हणून साठ अंशांच्या चापावर एकशेवीस अंश आखलेले असतात.

ह्याच ठिकाणी पारखण्याची कसोटी दडलेली आहे. एका अंशाच्या साठाव्या भागास आपण कला म्हणतो. आकाशातील एका कलेची चूक समुद्रावर एका सागरी मैलाची, म्हणजे १,८५२ मीटरांची चूक ठरते. आता साधारण सेक्स्टंटच्या चापाची त्रिज्या १६ सेंटीमीटर धरा. आखणी दुप्पट असल्यामुळे एक कला म्हणजे चापावरील मिलिमीटरच्या चाळिसाव्या भागाहूनही कमी अंतर होते. मनुष्याच्या केसाची जाडीही ह्याच्या दुपटीहून अधिक असते. म्हणजे केसाच्या अर्ध्या जाडीएवढी झीज, आणि जहाज एक मैल चुकले! रात्रीच्या वेळी खडकाळ किनाऱ्याजवळ एक मैल म्हणजे काय, हे तारवट्यांच्या घरांत निराळे सांगावयास नको.

आता परीक्षेकडे वळू. पहिली परीक्षा डोळ्यांची. यंत्र हाती घेताना ते सांगाड्यास किंवा मुठीस धरून उचलावे. चापास अथवा भुजेस कधीही धरू नये, कारण तेथे पडलेला वाक पुन्हा सरळ होत नाही. प्रथम पाहावे की, आरशांच्या पाठीमागे समायोजनाचे बारीक स्क्रू आहेत काय. ते नसतील तर ती वस्तू शोभेची होय, मग तिच्यावर कोणतेही नाव व साल कोरलेले असो. आमच्या कपाटातील यंत्रास हे स्क्रू नाहीत; चापावरील रेघा जाड व असमान आहेत, आणि भुजा सूक्ष्मपणे सरकवण्याची सोय मुळीच नाही. नाव आणि साल कोरणे सोपे. दाते कापणे कठीण.

खऱ्या यंत्रात ही सूक्ष्म सोय दोन प्रकारची आढळते. जुन्या यंत्रांत चापावर चांदीची पट्टी बसवून तीवर रेघा आखीत आणि भुजेवर व्हर्नियर असे. विसाव्या शतकातील यंत्रांत चापाच्या कडेस दाते असतात. त्यांत एक मळसूत्र फिरते आणि त्याच्या टोकाच्या चक्रीवर कला वाचता येतात. चक्रीचा एक पूर्ण फेरा म्हणजे एक अंश. व्हर्नियरचे यंत्र असेल तर त्याची पहिली रेघ चापाच्या एखाद्या रेघेशी तंतोतंत जुळवावी आणि शेवटची रेघही कोणत्यातरी रेघेशी तशीच जुळते काय ते भिंगातून पाहावे. चापावर निरनिराळ्या ठिकाणी असे करून पाहिले असता आखणीचा खरेपणा कळतो. चक्रीचे यंत्र असेल तर भुजेची खूण पूर्ण अंशावर असताना चक्री शून्य दाखवते काय, ते चापभर तपासावे. दात्यांवर भिंग फिरवून मोडतोड, हिरवा गंज आणि पितळेचा कीस शोधावा. कीस दिसला की समजावे, कोणीतरी मळसूत्र न सोडवताच भुजा ओढली आहे.

येथे घरातील मंडळींना एक विनंती. सणासुदीला समई घासावी तशी ही यंत्रे चिंच किंवा आमसूल लावून घासू नयेत. चकाकी येते, परंतु रेघा झिजतात, आणि रेघा गेल्या की यंत्र गेले. त्या विद्यार्थिनीच्या आजोबांनी आजीला देवघरातील सारी भांडी घासू दिली, पण ही पेटी कधी उघडू दिली नाही. त्या हट्टामुळेच तिच्या आतील आकडे आज स्पष्ट वाचता आले.

आरशांच्या कडांवरील पारा उडाला असेल तर निराश होण्याचे कारण नाही. आरसे बदलता येतात. दुर्बिणीच्या काचेवरील बुरशीही बहुधा पुसता येते. परंतु वाकलेला सांगाडा, हलणारा खिळा किंवा तुटलेले दाते ह्यांवर घरगुती उपाय नाही. आरसा हे यंत्राचे वस्त्र, चाप आणि खिळा हा त्याचा कणा. वस्त्र फाटले म्हणून माणूस टाकून देऊ नये. कणा मोडला असेल तर नव्या वस्त्राने भुलू नये.

पेटीच्या झाकणाच्या आत पुष्कळदा एक परीक्षापत्र चिकटवलेले असते. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधील क्यू येथील वेधशाळेत आणि पुढे टेडिंग्टनच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत सेक्स्टंट तपासून अशी पत्रे देत असत. अनेक कारखानदारही स्वतःची पत्रे जोडीत. त्यावर चापाच्या निरनिराळ्या अंशांवर यंत्र किती चुकते, ते लिहिलेले असते. पत्रावरील क्रमांक आणि सांगाड्यावरील क्रमांक एकच आहे ना, हे प्रथम पाहावे. मात्र हे पत्र म्हणजे शाळेचे जुने गुणपत्रक. विद्यार्थी त्या वर्षी कसा होता, हे ते सांगते. आज कसा आहे, हे नव्या परीक्षेवाचून कळत नाही.

दुसरी परीक्षा आरशांची. भुजा चापाच्या मध्यावर आणून यंत्र आडवे धरावे आणि फिरत्या आरशात तिरपे पाहावे. आरशातील चापाचे प्रतिबिंब आणि बाहेर दिसणारा प्रत्यक्ष चाप ही एकच अखंड रेषा दिसली पाहिजे. पायरी पडलेली दिसली तर आरसा सांगाड्यास लंब नाही. नंतर भुजा शून्यावर आणून रात्री एखाद्या ताऱ्याकडे पाहावे आणि चक्री थोडी मागेपुढे फिरवावी. ताऱ्याचे प्रतिबिंब मूळ ताऱ्यावरूनच वरखाली गेले पाहिजे. बाजूने गेले तर स्थिर आरसा कललेला आहे. हे दोन्ही दोष स्क्रूने दूर करता येतात. म्हणून ते पाहून यंत्र नाकारू नये.

तिसरी परीक्षा शून्याची. दोन्ही आरसे समांतर असताना यंत्राने शून्य दाखवावे. ते न दाखवता काही कला दाखवील तर त्यास शून्यदोष म्हणतात. दूरचे सागरक्षितिज घेऊन दोन्ही भागांतील रेषा एका ओळीत आणाव्यात व आकडा वाचावा. आकडा शून्याच्या पुढे, म्हणजे मापाच्या बाजूस असेल तर तो प्रत्येक मापातून वजा करावा. शून्याच्या मागे असेल तर मिळवावा. दोष तीन कलांहून कमी असेल तर स्क्रूला हात न लावता तो टिपून ठेवणेच बरे. वारंवार पिरगाळल्याने स्क्रू ढिले होतात. आपली चूक ठाऊक असलेले यंत्र, चूक ठाऊक नसलेल्या नव्या यंत्रापेक्षा भरवशाचे असते.

ही परीक्षा जवळच्या माडाकडे पाहून करू नये. फिरता आरसा आणि दृष्टिरेषा ह्यांत सहा सेंटीमीटरांचे अंतर धरले, तर सुमारे दोनशे मीटरांवरील वस्तूमुळे एक कलेचा खोटा दोष दिसतो. वस्तू कित्येक किलोमीटर दूर हवी. तारा सर्वांत उत्तम.

सूर्यावरून शून्यदोष काढण्याची रीत अधिक सुंदर आहे, कारण ती स्वतःचीच साक्ष देते. पण त्याआधी एक सक्त ताकीद: गडद रंगीत काचा दोन्ही आरशांपुढे आणल्याखेरीज सूर्याकडे यंत्रातून क्षणभरही पाहू नये, आणि शिक्षक जवळ नसताना हा प्रयोग मुळीच करू नये. डोळा गेला तर तो कोणत्याही बाजारात मिळत नाही. प्रतिबिंब मूळ बिंबाच्या वरच्या कडेस टेकवून एकदा आणि खालच्या कडेस टेकवून एकदा वाचन घ्यावे. एक वाचन शून्याच्या पुढे येते, दुसरे मागे. आजोबांच्या यंत्रावर एप्रिलच्या आरंभी ती अनुक्रमे ३३ आणि ३१ कला आली. फरक २, त्याचा निम्मा १. म्हणून शून्यदोष एक कला, वजा करावयाचा. आता दोहोंची बेरीज ६४, तिला चारांनी भागले की १६ कला. ही सूर्यबिंबाची त्रिज्या झाली. पंचांगात त्या दिवशीची त्रिज्या तीच होती. उत्तर जुळले नसते तर चूक एक तर यंत्राची, नाहीतर आमच्या हाताची, असे समजून पुन्हा आरंभ करावा लागला असता.

चौथी परीक्षा ढिलाईची. चक्री एकाच दिशेने फिरवीत दोन प्रतिमा जुळवाव्यात आणि वाचावे; मग चक्री पुढे नेऊन उलट दिशेने परत आणून जुळवावे व पुन्हा वाचावे. दोन वाचनांतील फरक म्हणजे दाते आणि मळसूत्र ह्यांच्यामधील ढिलाई. कलेच्या दोन-तीन दशांशांपर्यंत ती क्षम्य मानावी, आणि प्रत्येक वेळी एकाच दिशेने फिरवण्याची सवय ठेवावी. ती एका कलेच्या घरात असेल तर झीज फार झाली आहे. रंगीत काचाही अशाच पारखाव्यात: एका काचेने सूर्यबिंबे जुळवून दुसरी काच आणली असता बिंबे सरकली, तर तिची दोन पृष्ठे समांतर नाहीत.

शेवटची परीक्षा चापाची, आणि तीच खरी मॅट्रिकची परीक्षा. भुजेचा खिळा आणि चापाचे केंद्र तंतोतंत एक नसतील, किंवा आखणी सदोष असेल, तर कोणत्याही स्क्रूने तो दोष जात नाही. तो ओळखण्याचे दोन साधे मार्ग सांगतो.

पहिला मार्ग टेकडीवरचा. सभोवार कित्येक किलोमीटर दूर आणि आपल्या डोळ्यांच्या पातळीवर असलेल्या चार खुणा निवडाव्यात. आम्ही देवळाचा कळस, चर्चचा मनोरा, दीपस्तंभ आणि डोंगरावरील एक खांब घेतला. यंत्र आडवे धरून, जागा न बदलता, लागोपाठच्या खुणांमधील चार कोन मोजावेत व प्रत्येकातून शून्यदोष काढावा. बिंदूभोवतीच्या कोनांची बेरीज ३६० अंश, हे भूमितीचे सत्य लंडनच्या कारखान्यासही बदलता येत नाही. आमची बेरीज ३६० अंशांहून सव्वा कलेने कमी भरली. चार कोनांत वाटले तर प्रत्येकी एक तृतीयांश कलेहूनही कमी.

दुसरा मार्ग शाळेच्या अंगणातला. पसरट थाळीत तेल ओतून वाऱ्यापासून आडोसा केला की निश्चल तेलाचा पृष्ठभाग हेच आरशासारखे कृत्रिम क्षितिज होते. आकाशातील सूर्य आणि तेलातील सूर्य ह्यांच्यामधील कोन उन्नतांशांच्या दुप्पट असतो. रंगीत काचा येथेही दोन्हीकडे हव्यात, हे पुन्हा सांगतो. २२ डिसेंबरला दुपारी साडेबाराच्या सुमारास सूर्य अगदी दक्षिणेस आला, तेव्हा बिंबावर बिंब बसवून वाचन आले १०२ अंश ११.४ कला. शून्यदोषाची एक कला वजा करून निम्मे केले: ५१ अंश ५.२ कला. हवेतील वक्रीभवनामुळे सूर्य किंचित वर दिसतो, त्याबद्दल ०.७ कला वजा जाता ५१ अंश ४.५ कला. हे ९० अंशांतून वजा केले की सूर्याचे खस्वस्तिकापासूनचे अंतर मिळते: ३८ अंश ५५.५ कला. त्या दिवशी सूर्य विषुववृत्ताच्या दक्षिणेस २३ अंश २६ कला होता. तेवढे वजा करता उरले १५ अंश २९.५ कला. नकाशावरून आपल्या शाळेचे अक्षांश १५ अंश ३० कला. अर्ध्या कलेचा फरक! दुप्पट कोनावर तो एका कलेचा होतो, आणि त्यात नवशिक्या हातांचा वाटाही आहेच.

“मग सर, यंत्र पास झाले?” मुलीने विचारले. मी म्हटले, “यंत्र पास झाले, परीक्षक अजून शिकत आहेत.”

कोणी विचारील, उपग्रहांच्या युगात ही उठाठेव कशासाठी? ह्याचे उत्तर आपल्याच भूमीत आहे. जुन्या साधनांनिशी एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करण्याच्या ‘गोल्डन ग्लोब’ शर्यतीसाठी ‘तुरीया’ ही शिडाची नौका गोव्यात बांधली गेली. त्या शर्यतीत उपग्रहांच्या मदतीने मार्ग काढण्यास मनाई असते. मार्ग सेक्स्टंटनेच काढावा लागतो. २०१८ साली त्या नौकेवरून निघालेले नौदल अधिकारी अभिलाष टॉमी दक्षिण हिंदी महासागरातील वादळात जबर जखमी झाले. तरीही ते पुढच्या शर्यतीत उतरले आणि २०२३ साली दुसऱ्या क्रमांकाने पोहोचले. यंत्राला वीज लागत नाही, संदेश लागत नाही. लागतो तो स्वच्छ डोळा, स्थिर हात आणि आपल्या चुका टिपून ठेवण्याचा प्रामाणिकपणा.

असो. सारांश इतकाच की, विकत घेताना नाव आणि चकाकी शेवटी पाहावी. कणा, दाते आणि शून्य आधी पाहावे. मळलेला आरसा, उडालेला पारा, शून्याची लहानशी चूक ह्यांवरून किंमत कमी करून घ्यावी, पण वस्तू नाकारू नये. चाप चुकीचा असेल तर फुकटही घेऊ नये, निदान समुद्रावर नेण्यासाठी तरी नाहीच.

त्या पेटीचे पुढे काय झाले, हे तुम्हांस ऐकावेसे वाटेल. परीक्षेचे सारे आकडे आम्ही एका कागदावर लिहून, खाली तारीख घालून, जुन्या परीक्षापत्राशेजारी झाकणात ठेवले. तिच्या वडिलांनी ते शांतपणे वाचले आणि पितळेचा भाव सांगणाऱ्या व्यापाऱ्यास नकार कळवला. घराचे छप्पर ते कर्ज काढून दुरुस्त करणार आहेत. मुलीस जहाजावर अधिकारी व्हावयाचे आहे. आजोबा ज्या बोटींवर स्वयंपाकघरात राबले, तशा बोटीच्या माथ्यावर उभे राहून ती एक दिवस सूर्य क्षितिजावर टेकवील, अशी मला आशा आहे.

आणि कपाटातील ती नक्कल? ती तेथेच राहणार. तिच्याशेजारी उभे राहून मी दरवर्षी नव्या विद्यार्थ्यांना माझी फसगत सांगतो. खरे काय ते ओळखण्यास शिकवावयाचे, तर खोट्याचा एक नमुना शाळेत असावाच.